ठाणे-वाशी लोकलची धास्ती: ‘हळूहळू’ म्हणजे नेमकं किती?

पाचपाखाडीकर: गर्दीच्या डब्यात छातीत धडधड, हातांना मुंग्या, ‘आता चक्कर येऊन पडणार’ असं वाटणं, आणि मग ट्रेन सोडून बस-रिक्षा धरणं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. ‘हळूहळू सवय होते’ असं जो तो म्हणतो, पण सुरुवात कुठून करायची? आणि खिशात अंगाऱ्याची पुडी असेल तरच चढायचं, यात काही बिघडतं का?

खाडीपलीकडे: तपासण्या आधी झाल्या हे उत्तम. आता कागदावर पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीपुढे भीतीचे ० ते १०० मार्क मांडा. सुरुवात ३०-४० मार्कांच्या पायरीपासून करा. पहिल्याच दिवशी ९० वाली घेतली तर माणूस पुढच्या स्टेशनवर उतरून पळतो, आणि डोक्यात पक्कं बसतं की उतरलो म्हणून वाचलो.

ठाण्याला दुपारी एकच्या सुमारास नुसतं फलाटावर बसा, चार गाड्या जाऊ द्या. मग दिघा गाव, एकच स्टेशन. मग ऐरोली. मग घणसोली, पण दाराशी न थांबता आत जाऊन. सकाळी नऊची ठाण्याहून सुटणारी गर्दी सगळ्यात शेवटी. एकेक पायरी आठवड्यात चार-पाच वेळा करा. फक्त रविवारी केलं तर मधल्या सहा दिवसांत भीती पुन्हा ठाण मांडते.

रबाळे नाका: यात एक भर. भीती पूर्ण उतरेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही, अंदाज खोटा ठरणं जास्त महत्त्वाचं. चढण्याआधी चिठ्ठीवर लिहा: ‘ऐरोलीच्या आत बेशुद्ध पडेन, खात्री ८० टक्के.’ उतरल्यावर त्याच चिठ्ठीवर खाली लिहा, काय झालं ते.

घबराटीत रक्तदाब सहसा वाढतो. माणूस बेशुद्ध पडतो तो रक्तदाब घसरल्यावर. (रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांचं वेगळं, त्यांचा खरंच घसरतो.) मुंग्या येतात त्या भरभर श्वासामुळे, कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. म्हणून शेजारचे काका ‘मोठा श्वास घे’ म्हणतात तेव्हा उलट त्रास वाढतो. श्वास छोटाच ठेवा: नाकाने चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. झटका साधारण १० मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरायला लागतो.

देव्हारा: अंगाऱ्याबद्दल. श्रद्धेला हात लावायचं कारण नाही. पण ‘तरच’ हा शब्द घातक. पुडी, पाण्याची बाटली, दाराजवळची जागा, फोनवर सतत कुणीतरी, सगळी एकाच पंगतीतली. प्रवास नीट झाला की श्रेय त्यांना जातं, आणि पुढच्या वेळी पुडी घरी राहिली तर भीती दुप्पट. आधी पुडी खिशातून बॅगेत ठेवा, आठवड्याने देव्हाऱ्यात. नामस्मरण रोजचंच असेल तर गाडीतही खुशाल करा. १०८ पूर्ण झाले नाहीत म्हणून उतरावं लागत असेल, तर तीही पुडीच.

खाडीपलीकडे: दोन-तीन आठवडे करूनही पहिल्याच पायरीवर अडकलात तर एकट्याने रेटू नका. टेलि-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पाचपाखाडीकर: मग बाटलीही घरी ठेवायची?

देव्हारा: शेवटच्या पायरीला. आणि मे महिन्यात नाही हो, तहान वेगळी.