मदत हवी आहे: फिल्टरचा प्रोटोटाइप (चाचणीपुरता नमुना) फिग्मातच की सरळ एचटीएमएलमध्ये?

वेबसाइटवरचं वस्तूंच्या यादीचं पान आहे, काम फिग्मा या डिझाइनच्या साधनात चाललंय. साइटमॅप (पानांची रचना) आणि वायरफ्रेम (पानांचे कच्चे आराखडे, ३६० व १२८० पिक्सेल रुंदीचे) पक्के झालेत, अडलंय फिल्टरवर. चार चेकबॉक्स म्हणजे १६ स्थिती. प्रत्येकीची वेगळी फ्रेम (स्क्रीन) केली तर त्यांना जोडणाऱ्या तारांचं नुसतं जाळं होतं, आणि मधे एक कार्ड वाढलं की सगळीकडे हात फिरवा. चेकबॉक्सचा इंटरॲक्टिव्ह कंपोनंट (दाबल्यावर स्वतःची स्थिती बदलणारा घटक) करून पाहिला: टिक उमटते, यादी मात्र ढिम्म.

चाचणी पाच जणांवर, मोबाइलवर. खरं टायपिंग नकोय, कोडही नंतर फेकूनच द्यायचाय. 'एकही वस्तू सापडली नाही' ही स्थिती मात्र दिसायलाच हवी, लोक तिथेच गोंधळतात.

१२ कार्डांचं दिसणं-लपणं बूलियन व्हेरिएबलला (फक्त खरं किंवा खोटं साठवणाऱ्या चलाला) जोडून हे निभेल का? निभत असेल तर दोन फिल्टर एकाच वेळी लागू असताना अट नेमकी कुठे लिहिता?