‘नातेवाईक’ या रकान्यात काय लिहायचं?

ए-२०१ (विहार समिती सचिव), ७:१२
जयभीम. वाईट बातमी आहे. आपल्या विहारातले भिक्खू, आपले भन्तेजी, पहाटे त्रिरश्मी लेणीकडे पायी निघाले होते. सर्व्हिस रोडवर गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. भन्तेजी गेले. मी सरकारी दवाखान्यात आहे. फोन करू नका, बॅटरी १४ टक्के आहे.

सी-३०४, ७:१४
काय सांगता दादा?? काल संध्याकाळी वंदनेला होते की! माझ्या पोराचं पंचशील चुकलं म्हणून परत म्हणायला लावलं.

बी-१०३ (मावशी), ७:१५
खरं आहे का रे बाळा

ए-२०१, ७:१५
हो मावशी.

डी-४०२, ७:२१
📷 फोटो

ए-१०२ (काका), ७:२२
डी-४०२, तो फोटो आत्ताच्या आत्ता काढा. ग्रुपवर लहान पोरं आहेत. आणि चीवरातला, भिक्खूच्या वस्त्रातला माणूस असा दाखवायचा?

डी-४०२, ७:२३
सॉरी काका. दुसऱ्या ग्रुपवरून आला, तसाच टाकला. काढला.

सी-२०५, ७:४०
हा अपघात नाही, घातपात आहे. आज रास्ता रोको झालाच पाहिजे. किती जण येताय?

ए-२०१, ७:४८
भाऊ, राग मलाही आहे. पण पेट्रोल पंपाचं फुटेज पोलिसांनी घेतलंय. पांढरा टेम्पो आहे, नंबर नीट दिसत नाही. अंधार होता, धुकं होतं. आत्ता रस्त्यावर बसलो तर पोलीस तिकडे येतील आणि पीएम (शवविच्छेदन) राहील. आधी त्यांना इथून बाहेर काढू.

डी-१०१, ७:५५
मी दोनदा म्हटलं होतं, झोळीला रेडियमची पट्टी लावून देतो. हसायचे.

ए-२०१, ८:३०
एक अडचण आहे. पंचनाम्यासाठी नातेवाईक मागताहेत. झोळीत आधार कार्ड सापडलं, त्यावर गृहस्थ असतानाचं नाव. नऊ वर्षं रोज बघतोय, ते नाव मला माहीतच नव्हतं. हवालदाराने तीनदा मोठ्याने पुकारलं, मी समोरच बाकड्यावर बसलेलो. आपल्यालाच बोलावताहेत हे कळलंच नाही.
झोळीत अजून भिक्षापात्र, वस्तरा आणि कठिण चीवरदानात आपण दिलेलं चीवर. घडीसुद्धा मोडली नव्हती.

बी-१०३ (मावशी), ८:३३
ते मी निवडलं होतं. जुनं फाटल्याशिवाय नवं काढणार नाही म्हणाले

सी-३०४, ८:४१
गावाकडे भाऊ आहेत ना? बुलढाण्याकडचे.

ए-२०१, ९:०५
पोलिसांनी पत्त्यावरून शोधले. बोललो. ते निघालेत, दुपारी पोचतील. म्हणाले, ‘सही आम्ही करू. पण त्यांना गावी नेऊन काय करू? त्यांचं घर तुमच्याकडेच होतं.’ पुढे दोघांनाही बोलता येईना.

ए-३०२ (गुरुजी, बौद्धाचार्य), ९:२०
विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, महावग्ग या भागामध्ये प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. कोणी बघत नव्हतं. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी अंग धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. मग बाकीच्यांना बोलावून म्हणाले, तुम्हाला सेवा करायला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची केली नाही तर करणार कोण? ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी.
अर्जात ‘भाऊ’ लिहा, कायद्याला तेच कळतं.

डी-३०३ (वकील), ९:३८
गुरुजी, कायद्यालाही थोडं कळतं 🙂 मिझोराममध्ये माँटफोर्ट ब्रदर्स या ख्रिस्ती संस्थेतले एक ब्रदर रस्ते अपघातात वारले. घरदार सोडलेला माणूस. संस्थेने भरपाई मागितली, हायकोर्ट म्हणालं, तुम्ही वारस नाही. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं आणि संस्थेचा दावा मान्य केला.
इथे टेम्पो सापडला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. नाहीच सापडला तर ‘हिट अँड रन’ योजनेत मृत्यूसाठी २ लाख, १ एप्रिल २०२२ पासून. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताकडे. एफआयआर आणि पीएम रिपोर्टच्या प्रती जपून ठेवा.

सी-२०५, ९:४४
भन्तेजींनी आयुष्यात पैशाला हात लावला नाही आणि आपण २ लाखांवर आलो.

डी-३०३ (वकील), ९:४६
पैसे कुणाला द्यायचे ते भाऊ आणि भिक्खुसंघ ठरवतील. पण मागितलेच नाहीत तर फाईल ‘अज्ञात वाहन’ म्हणून बंद होऊ शकते. मला ती उघडी ठेवायचीय.

ए-२०१, १०:१०
त्यांना आणलं कुणी हे सांगायचं राहिलं. एक रिक्षावाला. पेपर टाकून परत येत होता. कुणी थांबत नव्हतं, याने एकट्याने उचललं. वाटेत भन्तेजी एकदाच बोलले म्हणे, ‘तुमची सीट खराब झाली.’ पोलीस अडकवतील म्हणून तो अजून घाबरलेला आहे.

डी-३०३ (वकील), १०:१२
त्याला माझा नंबर द्या. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नावसुद्धा सक्तीने विचारता येत नाही.

डी-४०२, १०:३०
बॅनर टाकतोय, बघून घ्या. ‘भन्तेजींचे महापरिनिर्वाण’

ए-३०२ (गुरुजी), १०:३१
महापरिनिर्वाण नको बाळा. ‘कालकथित’ लिही, म्हणजे दिवंगत. खाली फोटो नेत्यांचे नकोत, एकाचाही.

सी-३०४, १०:५२
भिक्षापात्र विहारात काचेच्या पेटीत ठेवूया का? आठवण राहील.

ए-३०२ (गुरुजी), ११:०३
ते आपलं नाही ताई. भिक्खू गेला की त्याच्या वस्तूंचा मालक संघ. त्यातही पात्र आणि चीवर, ज्याने शेवटी शुश्रूषा केली त्याला संघ देतो. तोही महावग्गच.

सी-३०४, ११:०४
मग रिक्षावाल्याला??

ए-३०२ (गुरुजी), ११:०९
नियम भिक्खू-श्रामणेरांसाठी आहे. तो उपासकही नाही. पण मघापासून माझ्याही मनात तेच घोळतंय. येणाऱ्या भन्तेंना विचारतो.

ए-२०१, १:४०
पीएम झालं. भाऊ आले, सही केली. पार्थिव ३ वाजता विहारात, ५ वाजता अमरधाम. पांढरे कपडे. डीजे नाही, घोषणा नाही, फक्त परित्राणपाठ, म्हणजे सुत्तपठण. पुण्यानुमोदनाची तारीख संघ सांगेल.

बी-१०३ (मावशी), १:५५
उद्या भोजनदानाची पाळी माझी होती. हरभरे भिजत घातलेत रे

ए-२०१, १:५७
शिजवा मावशी. तीन भिक्खू मुक्कामाला येताहेत. भन्तेजींचे भाऊ आहेत, रिक्षावाल्यालाही सांगितलंय.

बी-१०३ (मावशी), १:५८
भन्तेंचं जेवण बाराच्या आत झालं पाहिजे. साडेदहाला पोरं पाठव, पातेलं मला उचलत नाही