सल्ला हवा: समुद्री प्लवकांवरच्या संशोधनाच्या जागेसाठी अर्ज करतेय

रंकाळाकाठ: नमस्कार मंडळी. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय, प्रकल्प रंकाळ्यातल्या शैवालावर होता. परदेशातल्या एका प्रयोगशाळेला कॉकोलिथोफोर (अंगावर चुन्याच्या चकत्या असलेलं एकपेशी समुद्री शैवाल) यांच्यातलं कॅल्सीभवन (त्या चकत्या घडवणं) आणि प्रकाशसंश्लेषण यांवर काम करायला संशोधन सहायक हवाय. अर्जाला महिना आहे. समुद्राचा अनुभव म्हणाल तर मालवणहून आणलेल्या चार बाटल्या, लुगॉल (नमुना टिकवायचं आयोडीनचं द्रावण) घालून ठेवलेल्या. त्यांत एकही कॉकोलिथ, म्हणजे तशी चकती, दिसला नाही. काय वाचू, काय शिकू? घरचे म्हणतात, आधी नेटची परीक्षा दे. माझा जीव मात्र यातच अडकलाय.

खडूचा_डोंगर: अगं, दिसतील कसे? लुगॉलमध्ये बहुधा ॲसेटिक आम्ल घातलेलं असतं, त्यात चकत्यांमधलं कॅल्साइट विरघळून जातं. माझा अख्खा एक हंगाम असाच पाण्यात गेलाय, म्हणून कळकळीनं सांगतोय. बफर केलेलं, म्हणजे आम्लता मारलेलं, फॉर्मॅलिन वापर. नमुना गाळून घे आणि भूगर्भशास्त्र विभागात जा. दगडांचे पातळ काप बघायला त्यांच्याकडे ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शक असतो. पेशी जेमतेम ५ मायक्रॉनची, तेव्हा तेल घालून १०० चं भिंग लाव. काळ्याभोर पटावर चकत्या चमकतात आणि प्रत्येक चकतीवर काळी फुली दिसते. एकदा पाहिलंस की विसरणार नाहीस.

दर्यावर्दी: वाचायचं तर दोनच निबंध आधी वाच, पण शेजारी ठेवून. २००० साली 'नेचर'मध्ये रीबेसेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कार्बन डायऑक्साइड वाढला की कॅल्सीभवन घटतं. २००८ साली 'सायन्स'मध्ये इग्लेसियास-रॉड्रिगेझ यांच्या गटाला ते वाढलेलं दिसलं. पहिल्यांनी आम्ल-अल्कली घालून पाण्याचं रसायन बदललं होतं, दुसऱ्यांनी वायूचे बुडबुडे सोडून. मुलाखतीत यावर बोलता आलं पाहिजे.

आणखी एक. दोन बायकार्बोनेटमधून एक कॅल्साइटमध्ये जातो, दुसऱ्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तोच प्रकाशसंश्लेषणाला पुरतो, असं पूर्वी मानायचे. पण पाण्यातलं कॅल्शियम कमी करून कॅल्सीभवन थांबवलं, तरी प्रकाशसंश्लेषण चालू राहतं. मग पेशी एवढा खटाटोप कशासाठी करते? मला विचारशील तर सगळी गंमत या प्रश्नातच आहे. अर्जात तुझं स्वतःचं मत लिही.

शाहूपुरीकर: नेटचा अभ्यास आणि अर्ज एकमेकांच्या आड येत नाहीत, घरी तसं समजावून सांग. रंकाळ्याचं काम अर्जात शेवटी ढकलू नकोस. शैवालाचं कल्चर तू किती महिने दूषित न होता जगवलंस, ते आकड्यात लिही. रोज उठून फ्लास्क बघणारं माणूसच त्यांना हवं असतं.

रंकाळाकाठ: सात महिने जगवलंय! हे लिहायचं असतं हेच माहीत नव्हतं. रविवारी मालवणला निघतेय. बफरला बोरॅक्स चालेल का?

खडूचा_डोंगर: चालेल, पण हेक्झामाइन मिळालं तर तेच घे. हातमोजे विसरू नकोस. आणि धक्क्यावरून बाटली भरू नकोस, होडीवाल्या दादांना जरा बाहेर न्यायला सांग.