मदत हवी आहे: अजिंठ्याच्या प्रतिकृती ए-थ्रीवर छापायला मोठं चित्र कसं मिळवावं?

शाळेच्या प्रदर्शनासाठी अजिंठ्याच्या जुन्या प्रतिकृती छापायच्या आहेत. मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ पासून केलेली ही तैलरंगातली कामं. बरीच १८८५ च्या आगीत गेली. उरलेली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या साइटवर पाहता येतात. शोधताना अजिंठ्याच्या इंग्रजी नावापुढे ग्रिफिथ्सही टाका, नाहीतर नुसते फोटोच पुढे येतात.

अडचण छपाईची. उतरवून घेतलेल्या चित्राची लांब बाजू २,५०० पिक्सेल. ए-थ्रीची ४२ सेंटिमीटर, म्हणजे इंचाला जेमतेम १५० ठिपके. लांबून चालून जातं, पण जवळ गेलं की डोळ्यांच्या रेषा फुटतात. सॉफ्टवेअरने फुगवायचं नाही. त्यात मुळात नसलेल्या रेषा उगवतात.

आयआयआयएफ म्हणजे संग्रहालयांच्या साइटवरचं चित्र वेबपत्त्यातूनच हव्या त्या आकारात मागवायची पद्धत. तिच्या पत्त्यात आकाराच्या आधी चित्राचा तुकडा मागता येतो: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची, सगळं टक्क्यांत. असे चार तुकडे कडेला थोडे एकमेकांवर चढवून घेतले, तर मूळ स्कॅनचे जास्त पिक्सेल मिळतात, की सर्व्हर तेच छोटं चित्र कापून देतो? कुणी करून पाहिलंय का? आणि जोडताना शिवण दिसू नये म्हणून किती टक्के चढवता?

रंग ‘सुधारायचे’ उपाय मात्र नकोत. वार्निशचा पिवळेपणा तसाच राहू दे.