अंतराइतकाच चढही मोजावा

परदेशात शिकत असताना शनिवार-रविवारच्या भटकंतीत १२ किलोमीटरची डोंगरवाट अडीच तासांत सहज उरकते, असे काही जण म्हणतात, त्याबाबत थोडी भर घालतो. सपाटीवरचा हिशेब डोंगरात चालत नाही. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो : ताशी सुमारे ५ किलोमीटर चाल आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यामुळे त्याच वाटेवर ९०० मीटर चढ असेल, तर विश्रांती न धरताही जवळजवळ चार तास लागतात आणि रविवारी परतीची शेवटची बस चुकते ती याच दीड तासामुळे.

थंडीचेही तसेच. दर १००० मीटर चढाईला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. पहिल्या वर्षी मी सुती सदऱ्यावर निघालो होतो. घामाने भिजलेल्या अंगाने माथ्यावरच्या वाऱ्यात थांबलो, तेव्हा बोटे इतकी बधिर झाली की बुटाची सुटलेली नाडी बांधता येईना. तेव्हापासून कोरडा लोकरी अंगरखा पिशवीत असतोच.

स्थानिक भाषा येत नसेल, तर संकटाची खूण अवश्य शिकून घ्यावी : मिनिटाला सहा वेळा शिटी किंवा विजेरीचा झोत, मग मिनिटभर थांबून पुन्हा तेच. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. वाट आणि परतण्याची वेळ खोलीतल्या सोबत्याला लिहून द्यावी. वेळ टळल्यावर मदत मागवणारे दुसरे कोणी तिथे नसते.