मदत हवी आहे: भांडुपच्या घराखालची जमीन नावावर होऊ शकते का?

नमस्कार मंडळी, जमिनीच्या केसेस बघणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. भांडुपला टेकडीच्या बाजूला मावशीचं बैठं घर आहे, ८० च्या दशकात काकांनी बांधलेलं, लाईट बिल, रेशनकार्ड सगळं त्याच पत्त्यावर, आणि आता एक गृहस्थ प्रॉपर्टी कार्ड घेऊन आलेत की जमीन आमची, खाली करा. इतकी वर्षं कुठे होते देव जाणे.

मी वाचलं की १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणे (दावा लावायच्या मुदतीचा कायदा) खाजगी जमिनीवर १२ वर्षं उघड, सलग आणि मालकाच्या विरोधात ताबा असेल तर मालकाचा हक्कच संपतो, सरकारी जमिनीला मात्र ३० वर्षं. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ताबेदार स्वतःहूनही दावा लावू शकतो, नुसता बचाव म्हणून नाही.

पण घोळ असा की पेटीत जुन्या जमीनभाड्याच्या पावत्या सापडल्यात! भाडं दिलं म्हणजे परवानगीने राहिलो, मग विरोधी ताबा कसला? भाडं बंद होऊनही बरीच वर्षं झालीत, तर मुदत तिथून मोजतात का? पावत्यांवर सही कोणाची ते पण वाचता येत नाहीये.

शेजारचे म्हणतात कोर्टात जाऊ नका, एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेची) वाट बघा, पण तिथे फ्लॅट मिळेल, जमीन नाही ना. मावशी रात्रभर झोपत नाही हो. सिटी सिव्हिल कोर्टातला या विषयातला वकील माहीत असेल तर इनबॉक्स करा.