नुनावुतमध्ये खाण काढायची तर पहिला अर्ज कुठे? बोर्ड खरंच नाही म्हणू शकतं का?

रामबागवाला: नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. पर्यावरण कायद्याच्या पेपरसाठी बाहेरच्या देशाची पद्धत आपल्याशी ताडून दाखवायची आहे, मी हौसेने कॅनडातलं नुनावुत (उत्तरेकडचा इनुइट लोकांचा प्रदेश) घेतलं आणि आता डोकं भंजाळलंय. २०१३ चा नियोजन आणि प्रकल्प मूल्यांकन कायदा, लागू झाला जुलै २०१५ मध्ये, इथपर्यंत ठीक. पण नियोजन आयोग वेगळा, प्रकल्पाचे परिणाम तपासणारं इम्पॅक्ट रिव्ह्यू बोर्ड वेगळं, पाण्याचं बोर्ड तिसरंच, वर ओटावातला मंत्री. कंपनीने आधी कोणाचं दार वाजवायचं? आणि बोर्डाच्या नकाराला वजन आहे की आपल्या जनसुनवाईसारखं मंडप, माइक, भाषणं आणि मग जे ठरलंय तेच?

तात्या_नगररचना: आधी नियोजन आयोग. त्या भागाचा मंजूर भू-वापर आराखडा असेल तर प्रकल्प त्यात बसतो का ते आयोग बघतो. नाही बसला तर आराखड्यात बदल मागा, किरकोळ सवलत मागा किंवा मंत्र्याकडून सूट आणा, नाहीतर फाईल तिथेच बंद. (आपल्याकडे आधी कॉलनी कटते, लँड यूज मागाहून, असो.) सध्या लागू आराखडे दोनच, नॉर्थ बॅफिन आणि कीवाटिन, दोन्ही २००० चे. सगळ्या नुनावुतचा एकच आराखडा आयोगाने २०२३ मध्ये मंजुरीला पाठवला. जिथे आराखडाच नाही तिथला प्रस्ताव छाननीला बोर्डाकडे जातो. आणि हे सगळं पुरं होईपर्यंत कुठल्याच खात्याला परवाना देता येत नाही, कायद्याची खरी मेख ती आहे.

वैशालीताई: बोर्ड नाही म्हणतं, आणि ऐकलंही जातं. मेरी रिव्हरची लोखंडाची खाण बघ. कंपनीला वर्षाचे ६० लाख टन १ कोटी २० लाखांवर न्यायचे होते, बंदरापर्यंत ११० किमी रेल्वे टाकायची होती. नारव्हाल (लांब सुळ्याचा व्हेल), कॅरिबू (तिथलं रानटी रेनडिअर), लोकांची शिकार यावरून बोर्डाने मे २०२२ मध्ये नकाराची शिफारस केली आणि नोव्हेंबरमध्ये मंत्री डॅन व्हँडल यांनी ती मानली. त्याआधी किग्गाविकच्या युरेनियम खाणीचंही तसंच, शिफारस २०१५, मंत्र्याचा नकार २०१६.

खजराना_एक्सप्रेस: ताई, चित्र जरा जास्तच गोड झालं. शेवटचा शब्द मंत्र्याचाच आहे ना, आणि मेरी रिव्हरच्या पहिल्या प्रस्तावाला २०१२ मध्ये याच बोर्डाची संमती होती, अटी घालून. फेब्रुवारी २०२१ मध्ये शिकारी लोकांनी भर थंडीत खाणीचा रस्ता आणि धावपट्टी अडवली ती उगाच? आणि क्लाइड रिव्हर या नुनावुतमधल्या गावाचा निकाल पेपरात नक्की घाल, कॅनडाचं सुप्रीम कोर्ट, २०१७. तेल-वायू शोधायला समुद्रात आवाजाचे धक्के देऊन केलेल्या सिस्मिक चाचण्या, त्यामुळे मामला या बोर्डाकडे नाही तर राष्ट्रीय ऊर्जा मंडळाकडे. लोकांनी व्हेलचं काय होणार विचारलं तर कंपन्यांनी उत्तर म्हणून ३,९२६ पानांचं पीडीएफ दिलं, त्यातलं अगदी थोडं इनुक्टिटुट या तिथल्या भाषेत, आणि तिथलं नेट असं की फाईल उतरता उतरेना. कोर्टाने परवानगीच रद्द केली.

रामबागवाला: बाप रे! खजराना भाऊ, हा तर माझ्या पेपरचा अर्धा मालमसाला झाला. तात्या, पाण्याच्या बोर्डाचं राहिलं.

तात्या_नगररचना: ते नुनावुतमधल्याच ग्योआ हेवन गावात बसतं. पाणी वापरायचं किंवा कचरा पाण्यात सोडायचा तर त्याचा परवाना वेगळा लागतो, पण तोही मूल्यांकन उरकल्यावरच. तुलनेत ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा मामला घे, आपल्या सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल, तिथे १२ ग्रामसभांनी नकार दिलेला. जनसुनवाईपेक्षा ती जोडी बरी जमेल.